जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधी ती ४४ नावं वाचा

प्रश्न : मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण, दोघींनी मिळून सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवलं आहे. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीदारांची यादी, सभासदांची रजिस्टरं, ऑडिटला लागणारी पत्रकं, सगळं त्यात निघतं. फ्लॅटमागे महिन्याला १५ रुपये घेतो. गेल्या जानेवारीत आमच्याकडे १२६ सोसायट्या होत्या. वर्षभरात ५८ नव्या आल्या, ४४ सोडून गेल्या, आज १४० आहेत. फेसबुक आणि गुगलच्या जाहिरातींवर महिन्याला २५ हजार जातात. जाहिराती सांभाळणारी एजन्सी म्हणते, बजेट ७५ हजार करा. शिवाय तुमच्याकडे ५,६०० सभासदांचे मोबाइल नंबर आहेत, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवा. दुसरीकडे गेटवरच्या नोंदीचं अ‍ॅप देणाऱ्या मोठ्या कंपन्या हिशेबाचा भाग फुकट देऊ लागल्यात. आम्हीही फुकट योजना काढावी का? सेल्ससाठी माणूस ठेवावा का? पुण्यात जावं का? घरचे म्हणतात, नोकरी काय वाईट होती? सोबत आमचे आकडे आणि सोडून गेलेल्या सोसायट्यांची यादी जोडते आहे.
— एक वाचक, डोंबिवली

प्रिय ताई,

पत्रासोबत तुम्ही यादी पाठवलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. सोडून गेलेल्या प्रत्येक सोसायटीला फोन करून कारण विचारणं आणि ते नावापुढे लिहून ठेवणं हे काम फार थोडे लोक करतात, कारण ते फोन करताना जीवावर येतं. तुम्ही केलंत. तुमच्या पाचही प्रश्नांची उत्तरं मला त्या यादीत सापडली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पण त्याआधी जाहिरातीचा हिशेब कागदावर मांडू. नव्या आलेल्या ५८ पैकी २० जाहिरात बघून आल्या, असं तुमच्या तक्त्यात आहे. बाकीच्या ३८ कुणीतरी सांगितलं म्हणून आल्या : त्यांचा अकाउंटंट, शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी, कुणाचे तरी मेहुणे. वर्षाचे ३ लाख भागिले २०, म्हणजे जाहिरातीतून आलेली एक सोसायटी तुम्हाला १५ हजारांना पडली. तुमची सरासरी सोसायटी ४० फ्लॅटची. तिच्याकडून महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,२०० येतात. म्हणजे नुसता जाहिरातीचा पैसा वसूल व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. सर्व्हरचं भाडं, फोनवर घालवलेले तास, तुमची दोघींची मेहनत यांतलं काहीच मी अजून धरलेलं नाही. आणि १२६ पैकी ४४, म्हणजे शंभरातल्या पस्तीस सोसायट्या वर्षात निघून जात असतील, तर एक सोसायटी सरासरी तीन वर्षंसुद्धा टिकत नाही. ती कमवून द्यायला लागते न लागते तोच जाते.

बजेट तिप्पट केल्याने यात काय बदलेल? जे सेक्रेटरी आधीपासूनच असं काही शोधत होते, ते २५ हजारांतच सापडले. पुढच्या ५० हजारांत ज्यांना अजून गरज वाटत नाही असे लोक भेटतील, आणि त्यांना पटवणं जास्त महाग पडेल. एजन्सी तुम्हाला फसवते आहे असं मी म्हणत नाही. तिचं काम चौकशा आणून देण्याचं, आणि चौकशा ती आणतेच. आलेली सोसायटी टिकते की नाही, हे तिच्या कामात मोजलंच जात नाही.

आता यादी. तुमच्याच नोंदींवरून मी त्या ४४ नावांचे गट पाडले. २१ ठिकाणी कमिटी बदलली किंवा अकाउंटंट बदलला आणि नव्या माणसाने जुन्या पद्धतीवर जायचं ठरवलं. ११ सोसायट्यांनी दुसऱ्या तिमाहीचं बिलच काढलं नाही, म्हणजे सॉफ्टवेअर घेतलं पण वापरात आलंच नाही. ९ ठिकाणी पैसे कापले जाणं थांबलं आणि पुढे कुणी विचारलं नाही, त्यांनीही नाही आणि तुम्हीही नाही. 'महाग पडतं' असं म्हणणाऱ्या फक्त ३.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की दर कमी करू नका आणि फुकटही देऊ नका. तुमच्याकडून लोक पैशांसाठी जात नाहीयेत.

अजून एक आकडा बघा. आजच्या वेगाने येत्या वर्षात १४० मधल्या ४९ जातील. ही गळती पस्तीस टक्क्यांवरून अठरावर आणलीत, तर २५ जातील. वाचलेल्या २४ सोसायट्या म्हणजे जाहिरातीने वर्षभरात आणल्या त्यापेक्षा चार जास्त, आणि त्यांच्यासाठी एकही रुपया फेसबुकला द्यावा लागला नाही. वर्गणीवर चालणाऱ्या धंद्यात ग्राहक सांभाळणं हेच सगळ्यात मोठं मार्केटिंग असतं, हे मला तुम्हाला अगदी कळकळीने सांगायचं आहे.

सगळ्यात सोपं दुखणं त्या नऊ सोसायट्यांचं. तुम्ही दरमहा कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापता. आता सोसायटीचं बँक खातं डोळ्यांसमोर आणा : त्यावर दोघांच्या सह्या लागतात, त्याला यूपीआय सहसा जोडलेलं नसतं. मग महिन्याचे ६०० रुपये कुणाच्या कार्डावरून जातात? खजिनदारांच्या स्वतःच्या. ते नंतर व्हाउचर करून सोसायटीकडून पैसे घेतात. कमिटी बदलली की खजिनदार बदलतात, कार्ड बदलतं किंवा मुदत संपते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी प्रत्येक वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. माजी खजिनदारांना ती सूचना आली की ते साहजिकच थांबवतात. त्यांनी तुमच्या सेवेवर राग काढलेला नसतो. महिन्याची वर्गणी ही पद्धत एकट्याच्या कार्डावर चालणाऱ्या गोष्टींसाठी ठीक आहे. सोसायटीला वर्षाचं एकच बिल द्या, चेक किंवा एनईएफटीने पैसे घ्या, आणि वर्षाचे एकदम भरणाऱ्याला एक महिना माफ करा. सोबत सेक्रेटरींना एक पान तयार करून द्या : करासकट एकूण रक्कम, फ्लॅटमागे महिन्याचा खर्च, आणि खाली ठरावाचा मसुदा, सूचक-अनुमोदकाची जागा रिकामी सोडून. बऱ्याच लहान सोसायट्यांची जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळे तुम्ही १८ टक्के कर लावत असाल तर तो त्यांना कुठूनही परत मिळत नाही. सभेत 'अधिक कर' म्हटलं की शंका निघतात, म्हणून करासकटच आकडा सांगा.

मग त्या अकरा, ज्यांनी दुसरं बिल काढलंच नाही. तुमच्या वेबसाइटवर १४ दिवसांची मोफत चाचणी आहे. चौदा दिवसांत सोसायटीत काय घडतं? काहीच नाही. बिलं तिमाहीला निघतात, कमिटीची सभा महिन्यातून एकदा होते. ज्याला चौदा दिवस दिले, त्याने एकदा लॉगिन केलं, दोन सभासदांची नावं भरली आणि फाइल बाजूला ठेवली, इतकंच होतं. चाचणी एका संपूर्ण बिलाच्या फेऱ्याची हवी : सभासदांची खाती चढली, बिलं निघाली, पावत्या झाल्या, आणि थकबाकीदारांची यादी कमिटीच्या सभेत टेबलावर आली. ती यादी ज्या दिवशी सभेत वाचली जाते, त्या दिवशी सोसायटी तुमची होते. त्याआधी ती फक्त नावापुरती ग्राहक असते.

आणि खाती चढवण्याचं काम त्यांच्यावर सोडू नका. एका ४० फ्लॅटच्या सोसायटीचं काय काय भरावं लागतं ते तुम्हाला माहीतच आहे : प्रत्येक सभासदाची आरंभीची बाकी, मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं, भागपत्राचे (शेअर सर्टिफिकेटचे) क्रमांक, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), दुरुस्ती निधी, पार्किंग, कुणाचा फ्लॅट भाड्याने आहे म्हणून बिनभोगवटा शुल्क, शिवाय मुदत ठेवींची यादी. सत्तरीतले सेक्रेटरी संध्याकाळी नातवंडं सांभाळून हे करतील, अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. जुनी रजिस्टरं किंवा एक्सेल घ्या, तुम्ही भरून द्या, आणि त्याचे वेगळे पैसे सांगून घ्या. पैसे दिले की सोसायटीही कागदपत्रं वेळेवर देते.

इथेच हंगामाचा मुद्दा येतो. सोसायटीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, मग ऑडिट, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर १ एप्रिलची आरंभीची बाकी हीच सोयीची जागा. डिसेंबरात कुणी घेतलं, तर अकाउंटंटला मागचे आठ-नऊ महिने पुन्हा चढवावे लागतात, आणि तो मनातल्या मनात तुमच्या विरोधात जातो. तुम्ही जाहिरातीचे पैसे बारा महिन्यांत सारखे वाटलेत. त्याऐवजी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जोर लावा, आणि थोडा ऑक्टोबरात, नवे पदाधिकारी खुर्चीवर बसतात तेव्हा. फेसबुकची जाहिरात मी पूर्ण थांबवेन. गुगलवर फक्त या महिन्यांत, फक्त कल्याण, डोंबिवली, ठाणे, बदलापूर या पट्ट्यात, आणि 'सोसायटी मेंटेनन्स बिल सॉफ्टवेअर' असं काही नेमकं शोधणाऱ्यांपुरतीच जाहिरात ठेवा.

आता २१ जणांचा मोठा गट, ज्यावर तुमचं पुढचं सगळं अवलंबून आहे.

तुमचा ग्राहक कोण, असं विचारलं तर तुम्ही 'सोसायटी' म्हणाल. पैसे सोसायटी देते, सही सेक्रेटरी करतात, पण सॉफ्टवेअर रोज कोण उघडतं? तो अकाउंटंट, जो रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसून व्हाउचरं लावतो आणि दुपारी पुढच्या सोसायटीत जातो. एकेकाकडे वीस-पंचवीस सोसायट्या असतात. त्याने मान हलवली तर कमिटी हो म्हणते. त्याने हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊन 'आपलं टॅलीच बरं' म्हटलं की तुमची जाहिरात कितीही चांगली असो, विषय तिथेच संपतो.

आपल्याकडे ज्या सॉफ्टवेअर कंपन्या मोठ्या झाल्या, त्यांनी हे फार लवकर ओळखलं. टॅली १९८६ पासून आहे. दुकानदाराला तिची महती पटवण्यापेक्षा हिशेब लिहिणाऱ्याच्या हाताला तिची सवय लागली, गावोगावच्या क्लासमध्ये ती शिकवली गेली, आणि 'टॅली येतं का?' हा नोकरीच्या मुलाखतीतला प्रश्न झाला. दुकानदार मग आपोआप आला. दुसरं उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांचं. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करताना दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरस सापडत, म्हणून भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आलं. ते सामान्य ग्राहकापर्यंत पोचलं ते मुख्यतः कॉम्प्युटर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांमार्फत. व्हायरस सापडायचा तो त्यांच्याच टेबलावर, आणि दरवर्षी नूतनीकरणाची आठवण करून द्यायलाही तेच. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. तुमच्या धंद्यात त्या दुरुस्तीवाल्याच्या जागी सोसायटीचा अकाउंटंट आहे.

मग त्याला काय हवंय ते त्याच्याशेजारी बसून बघा. मला जे दिसतं ते सांगते. पंचवीस सोसायट्यांचे पंचवीस पासवर्ड त्याला नको आहेत, एकाच पडद्यावर सगळ्या हव्या आहेत. बँकेचं स्टेटमेंट टाकलं की चाळीस सभासदांच्या पावत्या एका झटक्यात जुळायला हव्यात, कारण त्याचा खरा वेळ तिथे जातो. अहवालावर खाली त्याच्या फर्मचं नाव यायला हवं. टॅलीत नेता येईल अशी फाइल हवी. आणि मार्चअखेर कोणत्या सोसायटीचं ट्रायल बॅलन्स अजून जुळलेलं नाही हे सकाळी चहा घेताना दिसायला हवं. यातलं निम्मं जरी पुढच्या दोन महिन्यांत दिलंत, तरी फेब्रुवारीत तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल. अकाउंटंटसाठीचा हा भाग त्याला कायम मोफत द्या. माझ्या मते तुमची फुकट योजना ती इथेच असावी. पंचवीस सोसायट्यांचा एक अकाउंटंट आला, तर वर्षाला १,८०,००० रुपये येतात. तेवढ्याच सोसायट्या जाहिरातीतून आणायच्या म्हटल्या तर आजच्या भावाने पावणेचार लाख लागतील.

त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची शासकीय पदविका) ही परीक्षा आणि तिच्यासोबतची सी.एच.एम. (गृहनिर्माण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) परीक्षा देणारे विद्यार्थी हेच उद्याचे सोसायटी ऑडिटर आणि मॅनेजर. त्यांचे वर्ग चालवणाऱ्यांना भेटा, सरावासाठी एक नमुना सोसायटी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून मोफत द्या. जिल्हा हाउसिंग फेडरेशनची शिबिरं होतात, तिथे बोलायला वेळ मागा. बोलताना सॉफ्टवेअर दाखवू नका. 'थकबाकीवरचं व्याज कसं आकारावं' यावर बोला. पडद्यावर जे दिसेल ते तुमचंच असेल.

कमिशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्न येणारच. अकाउंटंट हा सोसायटीचा सल्लागार आहे. त्याला गुपचूप पैसे देऊन सोसायटी मिळवणं मला मान्य नाही. ही गोष्ट एका सर्वसाधारण सभेत बाहेर आली, तर त्याचं नाव जाईल, तुमचंही, आणि सोसायट्यांत बातमी फार लवकर पसरते. द्यायचंच असेल तर खाती चढवण्याचं काम त्याला द्या, त्याचा मोबदला तुमच्या बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा. कमिटीने वाचलं तरी कुणाला काही लपवावं लागणार नाही.

एक धोकाही सांगून ठेवते. एका अकाउंटंटवर पंचवीस सोसायट्या उभ्या राहिल्या, तर त्याच्याबरोबर त्या पंचवीस जाऊही शकतात. म्हणून सेक्रेटरींशी तुमचं नातं वेगळं असायला हवं, आणि त्यासाठी सगळ्यात मोलाचा क्षण म्हणजे पदभार देण्या-घेण्याचा. सध्या कमिटी बदलली की तुम्हाला दोन महिन्यांनी कळतं. सभेच्या तारखा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, नोटीसही तिथूनच निघते! सभा झाल्यावर आठ दिवसांत नव्या सेक्रेटरींच्या हातात एक 'पदभार अहवाल' पडू द्या : थकबाकी कुणाकडे किती, ठेवी कोणत्या बँकेत आणि कधी पिकतात, इमारतीचा विमा आणि लिफ्टचं वार्षिक कंत्राट कधी संपतं, कोणते ठराव अमलात यायचे राहिले. नवा माणूस गोंधळलेला असतो, जुने पदाधिकारी दप्तर द्यायला वेळ लावतात, आणि अशा वेळी जिने हे सगळं आठ पानांत दिलं ती व्यवस्था तो कशाला काढून टाकेल? त्या अहवालासोबत तुमच्यापैकी एकीने अर्धा तास जाऊन भेटावं. २१ पैकी निम्म्या सोसायट्या एवढ्यानेच थांबल्या असत्या असं मला वाटतं.

आता ते ५,६०० मोबाइल नंबर. हे करू नका. सभासदांनी नंबर सोसायटीला दिला तो बिल आणि नोटीस येण्यासाठी. तुम्ही तो फक्त सोसायटीच्या वतीने सांभाळता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या दिवशी तुमची जाहिरात चाळीस फोनवर एकदम वाजेल, त्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न येईल : 'आपले नंबर यांना कुणी दिले?' उत्तर द्यावं लागेल बिचाऱ्या सेक्रेटरींना, आणि ते पुढच्या सभेत तुम्हाला काढतील. एजन्सीने हा सल्ला दिला, यावरून तिला तुमचा धंदा समजलेला नाही एवढं नक्की.

तुमच्याकडे त्याच सभासदांपर्यंत जाण्याचा स्वच्छ रस्ता आहे. दर तिमाहीला ५,६०० घरांत तुमच्या सॉफ्टवेअरमधून निघालेलं बिल जातं. कमिटीची परवानगी घेऊन त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ टाका : हे बिल अमुक सॉफ्टवेअरवर तयार केलं आहे. हॉटमेल या मोफत ई-मेल सेवेची वाढ अशीच झाली. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ते सुरू केलं, आणि गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांच्या सुचवण्यावरून प्रत्येक जाणाऱ्या मेलच्या तळाशी मोफत खातं उघडण्याची एक ओळ जोडली. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली तेव्हा वापरणारे लाखोंच्या घरात होते. तुमच्या बिलाला तसा वेग येणार नाही, कारण सोसायट्या मेलसारख्या क्षणात निर्णय घेत नाहीत. पण ज्याच्या घरी नीटनेटकं, व्याज वेगळं दाखवणारं बिल येतं, त्याचा दुसरा फ्लॅट बदलापुरात असतो, त्याचे सासरे अंबरनाथच्या सोसायटीचे अध्यक्ष असतात. म्हणून त्या बिलाची मांडणी सुंदर करा. मराठीतही द्या. तुमची सगळ्यात जास्त वाचली जाणारी जाहिरात तीच आहे.

एकाने दुसऱ्याला सांगावं यासाठी काही द्यायचं तर ते सोसायटीच्या नावावर द्या. फायली इंटरनेटवर साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने मित्राला आणणाऱ्यालाही आणि येणाऱ्यालाही जास्तीची जागा दिली, आणि सप्टेंबर २००८ ते जानेवारी २०१० या काळात वापरणारे १ लाखावरून ४० लाखांवर गेले. तिथे बक्षीस सेवेतूनच दिलं होतं, रोख नव्हतं. तुम्हीही दोन्ही सोसायट्यांना दोन-दोन महिन्यांची मुदत वाढवून द्या. सेक्रेटरींना व्यक्तिशः व्हाउचर किंवा भेट देऊ नका.

लिहिण्याच्या बाबतीत तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे आणि तुम्ही ती वापरत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, थकबाकीवर व्याज २१ टक्क्यांच्या आत आणि सरळव्याजाने, महापालिका हद्दीत फ्लॅट हस्तांतराचं शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, सभासदाची मेंटेनन्सची दरमहा वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली की जीएसटीचा विचार करावा लागतो : महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक सोसायट्यांत याच मुद्द्यांवर दरवर्षी आवाज चढतात. सभेच्या आदल्या रात्री सेक्रेटरी हेच मोबाइलवर शोधत असतात, आणि मराठीत त्यांना तुटक, जुनी किंवा चुकीची उत्तरं सापडतात. आठवड्याला एक प्रश्न घ्या, एका अनुभवी ऑडिटरकडून तपासून घ्या, उदाहरणादाखल प्रत्यक्ष बिल दाखवा. हे सहा महिन्यांत फळ देणार नाही. पण दोन वर्षांनी जाहिरात बंद असतानाही चौकशा येतील त्या यातूनच.

गेटच्या अ‍ॅपवाल्यांना घाबरू नका. त्यांना हिशेब फुकट देता येतो, कारण पैसा ते दुसरीकडून मिळवतात. तुमच्या कामात प्रत्येक सोसायटीमागे माणसाचे तास जातात, ते फुकट द्यायला लागलात तर सगळ्यात जास्त फोन करणारे ग्राहक एक पैसा न देणारे असतील. गेटवाल्या कंपन्यांपुढे तुम्हाला उभं राहायचं असेल तर एक वचन ठळक अक्षरांत द्या : 'सोडायचं असेल तेव्हा सगळी खाती, सगळ्या वर्षांची, एक्सेलमध्ये सात दिवसांत मिळतील, त्याचे पैसे नाहीत.' कमिटीला सगळ्यात मोठी भीती अडकून पडण्याची असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं हा फसव्या प्रकारांपैकी एक धरला आहे. तुमच्या साइटवर 'बंद करा' हे बटण मला शोधून सापडलं नाही, ते आजच समोर आणा.

सेल्सचा माणूस नको. त्याऐवजी सोसायट्यांचे हिशेब स्वतः लिहिलेली एखादी व्यक्ती अर्धवेळ घ्या, जी खाती चढवेल, पहिल्या दोन बिलांच्या वेळी फोनवर असेल आणि अकाउंटंटशी त्याच्या भाषेत बोलेल. जाहिरातीचे जे ३ लाख आहेत, त्यात महिना १५ हजारांप्रमाणे तिचे १,८०,००० बसतात. उरलेले १,२०,००० निम्मे हंगामातल्या गुगल जाहिरातीला आणि निम्मे अकाउंटंटच्या प्रशिक्षणांना लावा. नवा खर्च शून्य. आठ-दहा फ्लॅटच्या सोसायट्यांना मात्र वर्षाची किमान रक्कम ठरवून द्या, महिन्याला १२० रुपयांत तुम्ही त्यांचे फोनसुद्धा घेऊ शकत नाही.

घरच्यांना हा सगळा हिशेब दाखवा. १४० सोसायट्यांचे वर्षाला १०,०८,००० रुपये येतात, ही लहान गोष्ट नाही. दोघींच्या पगाराला ते पुरत नाहीत, हेही खरं. या एप्रिलनंतर आलेल्या सोसायट्यांपैकी किती जणींनी दुसऱ्या तिमाहीचं बिल काढलं, आणि डिसेंबरअखेर एकूण किती गेल्या, हे दोन आकडे ठरवून घ्या. गेलेल्यांचा आकडा पंचवीस-तीसच्या आत आला, तर पुढे जाण्यासारखं आहे. चाळिशीतच राहिला, तर नोकरीचा विषय तुम्ही स्वतःच काढाल आणि तो निर्णय योग्यच असेल.

पुण्याचं सांगते. सहकाराचा कायदा सगळ्या महाराष्ट्राला एकच, १९६० चा, त्यामुळे सुरत किंवा बेळगावपेक्षा पुणे तुम्हाला नक्कीच सोपं. पण पुण्यात सोसायट्यांइतक्याच ठळकपणे 'अपार्टमेंट' भेटतील, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या. तिथे भागपत्रं नसतात आणि खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने होते. तुमच्या डेमोत मी हिश्श्यानुसार बिल काढून बघितलं, निघालं नाही. यंदाचा एप्रिल कल्याण-डोंबिवलीतच घालवा, तोवर ते बिल तयार करा, आणि मग ऑक्टोबरात पुण्यातल्या दोन-तीन अकाउंटंटना भेटायला जा.